आवडते सर, नावडत्या बाई आणि तुमची दोन पानं

तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडते. शिक्षक-प्रशिक्षण संपत आलंय आणि ‘माझं अध्यापनविषयक तत्त्वज्ञान’ या विषयावर दोन पानं लिहून द्यायची आहेत. लिहायला बसलं की तुमच्या डोळ्यांसमोर दोनच माणसं येतात. गणिताचे सर, ज्यांच्यामुळे विषयाची गोडी लागली. आणि भाषेच्या बाई, ज्यांच्या तासाला पोटात गोळा यायचा. पानभर लिहून झालं, पण त्यात सरांचं कौतुक आणि बाईंवरचा राग याखेरीज काही नाही. ‘मी मुलांवर कधीच दडपण आणणार नाही’ ही एकच ओळ तुम्हाला आपली वाटते. आणि परवा सराव पाठात वर्ग हाताबाहेर जायला लागला तेव्हा तुमच्या तोंडून बाईंचंच वाक्य बाहेर पडलं: “तुमच्याच्यानं काही व्हायचं नाही.” म्हणून तुम्ही विचारताय, की या सगळ्यात माझं स्वतःचं काय, मी बाईंसारखी होणार का, आणि या दोघांचा उल्लेख त्या पानांत करावा का.

नव्या शिक्षकांचे पाठ मागच्या बाकावर बसून पाहायचे आणि नंतर त्यांच्याशी त्यावर बोलायचं, हे माझं अनेक वर्षांचं काम. त्याआधी मी शाळेत गणित शिकवत होते. असा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच, आणि बहुतेक जण तो ‘माझं खरं की उसनं’ असा विचारतात. त्या रूपात त्याला उत्तर नाही, कारण उसनं सगळ्यांचंच असतं. जास्त उपयोगाचा प्रश्न असा: मी त्या दोघांकडून नेमकं काय उचललंय? आपण उचललं असं वाटतं ते आणि खरोखर उचललेलं ते, यांत बरंच अंतर निघतं. माझं पुढचं सगळं म्हणणं त्या अंतराबद्दल आहे.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात. ही पानं गुणांसाठी आहेत, नोकरीच्या मुलाखतीसाठी आहेत की फक्त स्वतःसाठी, त्यानुसार किती मोकळेपणानं लिहायचं ते बदलेल. कोणत्या वयाच्या मुलांना शिकवणार यावरही बरंच अवलंबून आहे. अगदी लहान वर्गांना शिकवणाऱ्यांच्या आठवणीतले शिक्षकसुद्धा बहुतेक वेळा वरच्या वर्गांचे असतात, कारण सहाव्या-सातव्या वर्षीचं आपल्याला फारसं आठवत नाही. मग मोठ्या मुलांसाठीच्या सवयी लहानांवर चालवल्या जातात. तुम्ही वरच्या वर्गांना शिकवणार असं धरून लिहिते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली एक साधा हिशेब मांडला होता. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात घालवतो. डॉक्टर किंवा वकील होऊ पाहणाऱ्यानं आपला व्यवसाय इतका वेळ, इतक्या जवळून पाहिलेला नसतो. म्हणजे नवा शिक्षक प्रशिक्षणाला येतो तोच एक लांबलचक उमेदवारी करून. पण ही उमेदवारी एकतर्फी असते. विद्यार्थ्याला शिक्षक दिसतो तो फळ्यापुढे उभा असलेला. आदल्या रात्री पाठ टाचणातलं काय खोडलं, हेच उदाहरण का निवडलं, तिसऱ्या बाकावरच्या मुलीला आज मुद्दामच का विचारलं नाही, यातलं काहीच त्याला दिसत नाही. जे दिसतं तेच आपण उचलतो: आवाज, लकबी, वर्गात शिरल्यावरचं पहिलं वाक्य, चुकीचं उत्तर आल्यावरचा चेहरा.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबते. मध्यंतरी एक पाठ पाहिला. शिकवणारा तरुण मनापासून तयारी करून आलेला. त्याच्या तत्त्वज्ञानाच्या पानात वाक्य होतं, ‘चूक ही शिकण्याची संधी आहे.’ विषय अपूर्णांकांची बेरीज. त्यानं फळ्यावर १/२ + १/३ लिहिलं आणि वर्गाला विचारलं. एका मुलानं सांगितलं, दोन पंचमांश. तरुण हसला, अगदी प्रेमानं “अंऽऽ, अजून कोण सांगेल?” म्हणाला आणि नजर पुढच्या रांगेकडे वळवली. तिथून पाच षष्ठांश आलं. “शाब्बास!” उत्तर फळ्यावर गेलं, पाठ पुढे सरकला. पहिला मुलगा खोडरबरानं २/५ खोडून तिथे ५/६ लिहीत होता.

नंतर मी त्या तरुणाला विचारलं, की हे ‘अजून कोण सांगेल’ कुठून आलं? आधी त्याला प्रश्नच कळला नाही. आपण असं काही म्हणालो हेही त्याच्या लक्षात नव्हतं. बोलता बोलता आठवलं, की त्याचे आवडते सर असंच करायचे. ते कधी कुणाचा पाणउतारा करत नसत. चुकलं तर हसून पुढच्याला विचारत. तो स्वतः बहुतेक वेळा त्या ‘पुढच्यां’मध्ये असायचा. त्यामुळे त्याच्या आठवणीत ही सरांची मायाच होती, आणि ती होतीही. पण ज्याचं चुकलं त्याच्या हाती त्या मायेतून काय आलं? लाज वाटली नाही, हे खरं. आपलं कुठे चुकलं ते मात्र कळलं नाही.

खरं तर २/५ हे उत्तर मोठं कामाचं होतं. मुलानं वरचे अंक मिळवले, खालचे अंक मिळवले. दुसऱ्या एका हिशेबात हेच बरोबर असतं: दोन चेंडूंपैकी एक नेम लागला, मग तीनपैकी एक लागला, तर एकूण पाचपैकी दोन लागले. मूल हवेतून उत्तर काढत नाही. शिक्षकानं तिथे एवढंच विचारलं असतं, “दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?” तर वर्गालाच दिसलं असतं, की अर्ध्यात काहीतरी मिळवूनही उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलंय. छेद समान का करायचे हा प्रश्न मग मुलांनीच विचारला असता. ‘चूक ही संधी’ असं पानात लिहिलेलं होतं, आणि संधी समोर येऊन उभी राहिली तेव्हा हाताशी आली ती सरांची लकब.

माणसं कामात कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्या ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७४ मध्ये नेमका हाच फरक मांडला होता: माणूस जी भूमिका सांगतो ती एक आणि त्याच्या वागण्यातून जी दिसते ती दुसरी. तो खोटं बोलत असतो असं नाही. दुसरी भूमिका त्याची त्याला दिसत नाही, इतकंच. तुमच्या दोन पानांत सध्या पहिली आहे. सराव पाठात तोंडून गेलेलं बाईंचं वाक्य ही दुसरीची झलक.

त्या वाक्यावरून तुम्ही स्वतःला फार बोल लावताय. मला त्यात तुम्ही बाईंसारख्या होणार याची खूण दिसत नाही. वर्ग सुटतोय असं वाटलं की डोकं नवं काही सुचवत नाही, शेकडो वेळा ऐकलेलं पुढे करतं. जुने शिक्षक आपल्या तोंडून बोलतात त्या वेळा तशा ठरलेल्या असतात: गोंगाट वाढला, तासाची शेवटची पाच मिनिटं उरली, निरीक्षक मागे येऊन बसले, तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला. म्हणून ‘मी असं कधीच बोलणार नाही’ या निश्चयाचा फारसा उपयोग होत नाही. त्या वेळेसाठी दुसरं वाक्य आधीच ठरवून ठेवलं तर होतो. मी ते टाचणाच्या कोपऱ्यात लिहायलाच लावते. उदाहरणार्थ: “बोलणं थांबवा. कुठपर्यंत कळलं आणि कुठून सुटलं, तेवढं एका ओळीत वहीत लिहा.” वाक्यात काही विशेष नाही. पण ते तयार असतं, आणि त्या घडीला तयार असलेलंच बाहेर येतं. त्या वर्गावर पुन्हा तास असेल तर मुलांना “परवा मी बोलले ते बरोबर नव्हतं” एवढं म्हणा आणि शिकवायला लागा. त्यावर प्रवचन नको.

बाईंचा दुसरा परिणाम जास्त फसवा आहे, आणि तो तुमच्या त्या लाडक्या ओळीत आहे. ‘कधीच दडपण आणणार नाही’ हे बाईंच्या उलट आहे म्हणून तुम्हाला आपलं वाटतं. पण उलट करायचं ठरवलं तरी काय करायचं हे बाईच ठरवतात. एका प्रशिक्षणार्थी मुलीचंही असंच होतं. तिला मी सांगितलं, राग बाजूला ठेव आणि तुझ्या त्या बाईंच्या एका तासाला काय काय घडायचं तेवढं लिही, विशेषणं न वापरता. टोमणे, उभं करून ठेवणं हे आलंच. पण हेही आलं, की बाई निबंधाच्या वह्या दुसऱ्या दिवशी परत द्यायच्या आणि नेमकं कुठलं वाक्य ढिसाळ झालंय त्याखाली रेघ असायची. ‘आपण कडक व्हायचं नाही’ ठरवताना या मुलीनं ते तपासणंही टाकून दिलं होतं. तिच्याकडे वह्या आठवडाभर पडून राहत आणि सगळ्यांवर शेरा एकच, ‘छान’. भीती आणि काटेकोरपणा तिला एकाच माणसाकडून मिळाला होता, म्हणून दोन्ही एकच वाटत होतं. वर्णन लिहून झाल्यावर तिचं तिलाच ते वेगळं दिसलं. तुम्हीही बाईंचा एक तास असा लिहून काढा. त्यात घेण्यासारखं काहीच निघणार नाही, हेही शक्य आहे. प्रत्येक वाईट शिक्षकात गुण शोधलाच पाहिजे असं मी म्हणत नाहीये.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘आम्हाला धाक होता म्हणून आम्ही घडलो’ म्हणणारे असतात. शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य तुम्हाला लवकरच ऐकायला मिळेल. ते कोण म्हणतंय याकडे लक्ष द्या. ज्यांना तो धाक सोसला आणि ज्यांचं पुढे जमलं, तेच शिक्षक होऊन त्या खोलीत बसलेत. ज्यांनी त्या तासांपायी विषयच सोडला, ते तिथे सांगायला नाहीत. अशा ठिकाणी मतं घेतली तर धाकाच्या बाजूनंच कौल लागणार.

आता हीच तपासणी सरांची करायची. ती जास्त जड जाते, कारण तिथे प्रेम आहे. पण तुम्ही सरांना एकाच बाकावरून पाहिलंय. शिक्षक होणारे बहुतेक जण शाळेत बऱ्यापैकी जमणारे विद्यार्थी असतात, त्यामुळे आवडत्या शिक्षकाबद्दलची आपली साक्ष ही ज्याला जमत होतं त्याची साक्ष असते. त्याच वर्गातल्या, गणितात मागे पडलेल्या एखाद्या मैत्रिणीला फोन करून विचारा, सरांच्या तासाला तिला कसं वाटायचं. ‘सर फार चांगले होते, मला कळायचं काही नाही, पण चांगले होते’ अशा अर्थाची उत्तरं बरेच जण घेऊन येतात. त्यानं सर लहान होत नाहीत. त्यांच्या पद्धतीला कुठे ठिगळ लावायला हवं ते कळतं.

आणि शक्य असेल तर खुद्द सरांनाही भेटा. एका शिक्षकांचा शिरस्ता होता, प्रत्येक गणित विद्यार्थ्यानंच फळ्यावर येऊन सोडवायचं. त्यांच्या एका विद्यार्थिनीनं यालाच आपलं तत्त्व केलं होतं: मुलांनी स्वतः करून शिकावं. ती त्यांना भेटून आली तेव्हा जरा खट्टू होती. सर म्हणाले होते, “अगं, इतक्या तुकड्यांच्या वह्या तपासून व्हायच्या नाहीत. मग कुणाला येतंय, कुणाला नाही, ते फळ्यावरच बघून घ्यायचो.” तत्त्व वगैरे नव्हतं, सोय होती. मला मात्र तिच्या तत्त्वापेक्षा सरांचं उत्तर आवडलं, कारण त्यात खरं कारण होतं. कुणाला येतंय ते रोजच्या रोज कळलं पाहिजे, ही त्यांची गरज आणि फळा हा त्यांना सापडलेला मार्ग. तिच्या वर्गात फळ्यापुढे यायला कचरणारी मुलं बरीच होती आणि तुकडी लहान होती. तिनं गरज ठेवली, मार्ग बदलला: तासाच्या शेवटी प्रत्येकानं एक गणित चिठ्ठीवर सोडवून द्यायचं. मला विचाराल तर सरांकडून तिनं खरं काही घेतलं ते त्या दिवशी.

काही सवयींबाबत संशोधनही मदतीला येतं. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादा सेकंदच थांबतात. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, आपणहून बोलणारी मुलं वाढतात आणि अजिबात उत्तर न येण्याचं प्रमाण कमी होतं. आता तुमच्या सरांचा तास आठवा. झपाझप प्रश्न, झपाझप उत्तरं, वर्ग कसा जिवंत वाटायचा! ज्यांना एका सेकंदात सुचत होतं त्यांच्यासाठी तो जिवंत होताच. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात तसंच काहीसं गुण आणि शेऱ्यांबद्दल दिसलं: नुसता लेखी शेरा मिळालेल्या मुलांना फायदा झाला, पण शेऱ्याच्या जोडीला गुण दिले की तो फायदा जवळपास नाहीसा झाला. आपण सगळे गुण आणि शेरा एकत्र पाहतच मोठे झालो, त्यामुळे यात काही ठरवण्यासारखं आहे हेच आपल्या मनात येत नाही. एका अभ्यासावरून लगेच पद्धत बदला असं नाही. पण एखादी सवय केवळ सरांची म्हणून चालू आहे की ती कामही करते, हे विचारायला एवढं पुरे.

आता प्रत्यक्ष पानं. मसुद्यातलं प्रत्येक वाक्य घ्या आणि त्याच्या नेमकं उलट वाक्य कुणी समंजस शिक्षक लिहील का, ते बघा. ‘प्रत्येक मूल वेगळं असतं.’ ‘शिक्षण आनंददायी असावं.’ याच्या उलट कोण लिहिणार? मग त्या वाक्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. खोडून टाका. बरीच जागा मोकळी होईल. तिथे तुम्ही वर्गात काय करता, का करता आणि ते करताना काय सोडावं लागतं, हे लिहा. सोडावं लागतं ते लिहिणं फार जणांना जमत नाही, आणि वाचणाऱ्याचा विश्वास नेमका तिथेच बसतो. एक नमुना देते, तपशील तुमचे घाला:

‘चुकीचं उत्तर आलं की मी ते फळ्यावर लिहिते, सांगणाऱ्याचं नाव न घेता, आणि असं उत्तर यायला काय विचार झाला असेल ते वर्गाला विचारते. त्यामुळे ठरवलेली सगळी गणितं तासात होत नाहीत. राहिलेली गृहपाठाला जातात. ज्या सरांमुळे मला गणित आवडलं त्यांच्या वर्गात चुकायला भीती वाटत नसे. चुकीचं पुढे काय करायचं ते मात्र मला माझं शोधावं लागलं. सर्वांसमोर बोलायचंच नाही अशा मुलांपर्यंत या पद्धतीनं मी पोचत नाही, आणि त्यावर सध्या चिठ्ठ्यांचा प्रयोग करते आहे.’

यात सर आहेत, पण मजकूर त्यांच्याबद्दलचा नाही. तुमच्या ‘दडपण’च्या ओळीचंही असंच करा. दडपण म्हणजे नेमकं काय, कुठली अपेक्षा तुम्ही तरीही सोडणार नाही आणि ती पुरी झाली नाही तर काय कराल, एवढं लिहिलंत की ती ओळ बाईंच्या तावडीतून सुटेल.

उल्लेखाबद्दल: सरांचा जरूर करा, नावानिशी केलात तरी हरकत नाही. बाईंचं नाव नको. आपली बाजू मांडायला त्या तिथे नाहीत, आणि वाचणाऱ्याचं लक्ष तुमच्यावरून उठून त्यांच्याकडे जातं. ‘माझ्या एका शिक्षिका’ एवढं पुरतं, तेही त्या अनुभवातून तुमच्या वर्गात काही ठोस आलं असेल तरच. तो अनुभव नुसत्या कडकपणाच्या पलीकडचा असेल, म्हणजे मार, छळ, असं काही, तर तो गुण मिळवायच्या कागदात घालू नका. विश्वासातल्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोला. पानं अपुरी वाटली तरी चालतील.

सादर करायला अजून काही दिवस असतील तर पुढच्या सराव पाठाला एका मैत्रिणीला मागे बसवा. पाठ कसा झाला हे तिला विचारू नका. प्रत्येक उत्तरानंतर तुमच्या तोंडून आलेला पहिला शब्द आणि तुम्ही त्यानंतर कुणाकडे पाहिलंत, एवढंच तिनं टिपायचं, बरोबर उत्तरं एका बाजूला, चुकीची दुसऱ्या बाजूला. तो कागद मसुद्याशेजारी ठेवा आणि दुसरा मसुदा त्यावरून लिहायला घ्या.